रक्त 'गोठत' नाही की 'साकळत' नाही?

प्रश्न असा आला आहे: हिमोफिलियाला 'रक्त न गोठण्याचा आजार' म्हणतात. पण गोठतं ते थंडीने. रक्तासाठी 'साकळणे' हा चांगला शब्द असताना 'रक्त न साकळण्याचा आजार' का म्हणू नये?

'साकळणे' मलाही आवडतो, पण इथे तो घोटाळा करेल. मुका मार लागून काळंनिळं पडलं तरी आपण 'रक्त साकळलं' म्हणतो, म्हणजे आत साचलं. हिमोफिलियात मुलाचा गुडघा सुजतो तो सांध्यात रक्त साचूनच. 'रक्त साकळत नाही म्हणून गुडघ्यात साकळलं' या वाक्यातून कोणाला काय कळणार? आणि गोठायला थंडीच हवी असा नियम बोलीने कुठे पाळलाय? भीतीनेही रक्त गोठतंच की.

माझी हरकत आहे ती त्या 'न'वर. जखम झाली की आधी प्लेटलेट, म्हणजे रक्तातल्या चिमुकल्या पेशी, एकमेकींना चिकटून तात्पुरतं बूच बसवतात. हिमोफिलियात हे काम व्यवस्थित होतं. म्हणून साध्या ओरखड्याचं रक्त बहुधा थांबतं. अडतं ते पुढे. रक्त गोठवण्याच्या कामातल्या प्रथिनांना 'फॅक्टर' म्हणतात, त्यांना क्रमांक असतात. फॅक्टर ९ हे एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) फॅक्टर १० ला कापून कामाला लावतं, आणि १० मुळे पुढे थ्रॉम्बिन हे एन्झाइम तयार होतं. फॅक्टर ८ स्वतः काहीच कापत नाही, तो ९ चा मदतनीस. पण तो नसेल तर ९ चं काम जवळजवळ ठप्प होतं. म्हणूनच ८ कमी असला (ए प्रकार) काय किंवा ९ कमी असला (बी प्रकार) काय, थ्रॉम्बिन अपुरंच तयार होतं. रक्तातल्या फायब्रिनोजेन या प्रथिनापासून गुठळीची जाळी विणणारे फायब्रिनचे धागे करतं ते थ्रॉम्बिनच. ते कमी पडलं की जाळी कच्ची राहते, गुठळी टिकत नाही आणि रक्त पुन्हा वाहू लागतं. रक्त 'पातळ' नसतं, इतरांपेक्षा जोरातही वाहत नाही. जास्त वेळ वाहतं. तेव्हा 'रक्त नीट न गोठण्याचा आजार' म्हणावं. एका 'नीट'ने बराच गैरसमज टळतो.

जाता जाता: प्रश्नात पुढे 'अनुवंशिक' लिहिलंय, ते 'आनुवंशिक' हवं. त्याऐवजी 'पिढीजात' चालेल का, तर नाही. दोन्ही फॅक्टरांची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात आणि मुलग्यांत एक्स एकच असतं, म्हणून आजार मुख्यतः मुलग्यांत दिसतो. पण सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात तो आधी कोणालाच नसतो, जनुकातला बदल नव्याने झालेला असतो. अशा घरात आजार पिढीजात नाही, तरी आनुवंशिक आहेच: त्या मुलाच्या प्रत्येक मुलीकडे त्याच्या एक्सबरोबर ते जनुक जाणार.