काही स्मोक डिटेक्टरमध्ये किरणोत्सारी पदार्थ असतो, तरी त्यांना परवाना का लागत नाही?

स्मोक डिटेक्टरवर किरणोत्साराचं चिन्ह दिसलं, आत अमेरिशियम-२४१ हा किरणोत्सारी पदार्थ असल्याचं वाचलं, पण तो विकत घेताना कुणी परवाना विचारला नाही. मग सरकारचं नियंत्रण असतं तरी कशावर, असं तुम्ही विचारलंय. मी किरणोत्सार सुरक्षेचं काम करते. ‘सूट आहे’ म्हणजे ‘किरणोत्सारच नाही’ असं समजून माणसं बिनधास्त होतात, हे मी वारंवार पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सूट पदार्थाला नसते. ती असते ठरावीक प्रमाणाला आणि ठरावीक वापराला. सीझियम-१३७ हा किरणोत्सारी पदार्थ घ्या. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मानकांनुसार त्याचा १०,००० बेकेरेलपर्यंतचा (बेकेरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचं विघटन) स्रोत नियमनातून सूट मिळण्याजोगा आहे. शाळा-कॉलेजात किरणोत्सार मोजणारं मीटर तपासायला वापरतात त्या प्लॅस्टिकच्या चकत्या याच पातळीच्या. आणि १९८७ साली ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात, दवाखान्याच्या सोडून दिलेल्या इमारतीतून भंगारात गेलेल्या उपचारयंत्रात हेच सीझियम होतं. प्रमाण सुमारे ५१ टेराबेकेरेल (एक टेराबेकेरेल म्हणजे एक लाख कोटी बेकेरेल), म्हणजे त्या मर्यादेच्या जवळपास ५०० कोटी पट. चार माणसं दगावली.

मर्यादेचा आकडा उलट्या बाजूने काढलेला आहे. आधी ठरवलं, की सूट दिलेल्या स्रोतामुळे कुणालाही वर्षाला साधारण १० मायक्रोसिव्हर्टपेक्षा जास्त डोस मिळता कामा नये. (सिव्हर्ट हे शरीराला मिळणाऱ्या किरणोत्साराच्या डोसाचं एकक; १,००० मायक्रोसिव्हर्ट म्हणजे १ मिलिसिव्हर्ट.) निसर्गातून आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतोच. त्याच्या तुलनेत हा दोनशेचाळिसावा भाग. मग तो पदार्थ कुणी हाताळला, चुकून पोटात किंवा श्वासातून आत गेला, तर किती बेकेरेलला ही पातळी गाठली जाईल, याचा हिशेब मांडला. म्हणूनच प्रत्येक किरणोत्सारी समस्थानिकाचा (मूलद्रव्याच्या विशिष्ट प्रकाराचा) आकडा वेगळा. ट्रिटियम म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन; त्यातून निघणारे बीटा कण अगदी दुबळे, त्याला १०० कोटी बेकेरेलपर्यंत मोकळीक. अमेरिशियम फुप्फुसात गेलं तर त्यातून निघणारे अल्फा कण फार घातक, म्हणून त्याची मर्यादा फक्त १०,०००.

आता गंमत बघा, अशा स्मोक डिटेक्टरमध्ये अमेरिशियम बहुधा ३०,००० ते ३७,००० बेकेरेल असतं. मर्यादेच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त! तरी तो सुटतो, कारण त्याची सूट प्रमाणावर नाही, उपकरणावर आहे. नियामक संस्थेने ते मॉडेल तपासून मंजूर केलेलं हवं. स्रोत असा बंदिस्त हवा, की त्याला हात लागणार नाही आणि तो गळणार नाही. नेहमीच्या वापरात १० सेंटिमीटरवर डोसाचा दर ताशी १ मायक्रोसिव्हर्टच्या वर जायला नको. आणि निकामी झाल्यावर त्याचं काय करायचं, तेही ठरलेलं हवं. मी असा एक डिटेक्टर टेबलावर ठेवून मीटर दहा सेंटिमीटरवर धरला होता. आजूबाजूच्या नैसर्गिक किरणोत्सारापेक्षा वेगळं काही दिसलं नाही. सगळी भिस्त त्या बंद कवचावर आहे. ते फोडून आतली चकती बाहेर काढली, की सुटीचा पायाच निघून जातो.

बेरजेचा नियम बहुतेकांना माहीतच नसतो. एका प्रयोगशाळेत कपाटाच्या एकाच खणात मला तपासणीच्या तीन चकत्या सापडल्या: सीझियमच्या दोन, प्रत्येकी ९,२५० बेकेरेलच्या, आणि कोबाल्ट-६० ची एक, ३७,००० ची. कोबाल्टची मर्यादा १ लाख. एकेक वेगळी पाहिली तर तिन्ही सुटीच्या मर्यादेत बसतात. पण प्रत्येकीने आपल्या मर्यादेचा किती हिस्सा खाल्लाय ते मिळवा: ०.९२५, पुन्हा ०.९२५ आणि ०.३७. बेरीज २.२२. ती १ च्या वर गेली, म्हणजे तो खण सुटीत नाही. तिथले लोक चांगले, काळजीवाहू होते. फक्त हे गणित त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. (चकत्यांवरचे आकडे बनवल्या दिवसाचे असतात आणि किरणोत्सार काळाबरोबर घटत जातो, तेव्हा आजचे आकडे काढूनच बेरीज करा.)

सुटीहून निराळी गोष्ट म्हणजे मुळातच नियमनाबाहेर असणं. तुमच्या-माझ्या शरीरात पोटॅशियम-४० चे चारेक हजार बेकेरेल कायम असतात. अवकाशातून येऊन जमिनीवर पोचणारा वैश्विक किरणोत्सारही तसाच. त्यांच्यावर नियंत्रण शक्यच नाही, त्यामुळे परवान्याचा प्रश्नच येत नाही. याच्या नेमकं उलट खेळणी, दागिने आणि सौंदर्यप्रसाधनांचं. त्यांत मुद्दाम किरणोत्सारी पदार्थ घालणं समर्थनीयच मानलं जात नाही, मग डोस कितीही क्षुल्लक असो. मला हा नियम फार पटतो. धूर लागल्यावर जीव वाचवणाऱ्या यंत्रासाठी थोडा किरणोत्सार पत्करता येतो. अंगठी चमकावी म्हणून नाही.

तुमचा डिटेक्टर छताला आहे तिथेच राहू द्या. उघडू नका, जाळू नका. निकामी झाला की मागच्या लेबलवर परत करण्याची जी सूचना असेल, तसंच करा.