वाचकांचे प्रश्न : सभेतली प्रार्थना, उपवासाचे स्टेटस आणि भागीदाराचे पैसे

प्रश्न : घरगुती प्रार्थनासभेत मला छान प्रार्थना करता येते. शब्द सुचतात, डोळेही भरून येतात. घरी एकटी बसले की मात्र दोन मिनिटांत सगळे संपते. हे ढोंग आहे का?
— एक भगिनी, वानवडी

उत्तर : लगेच स्वतःवर ढोंगाचा शिक्का मारू नका. सभेत गाणी झालेली असतात, शेजारून कोणी ‘आमेन’ म्हणत असते. तिथे मन भरून येणारच. त्या पाण्यावरून खरेखोटे काहीच ठरत नाही. एक साधी गोष्ट तपासा : सभेत जे मागितले, ते घरी एकदा तरी मागितले आहे का? नसेल, तर ती प्रार्थना निम्मी तरी बसलेल्यांसाठी होती, एवढे कबूल करून पुढे जा.

एकांतात अडते ते बहुधा भाषेमुळे. ‘हे परमदयाळू स्वर्गीय पित्या, आम्ही तुझ्या चरणी लीन होतो’ हे चारचौघांत शोभते. एकटीने म्हटले की पोकळ वाटते, आणि ते वगळले की पुढे बोलायला काही राहत नाही. तेव्हा पंधरा दिवस असे करा. रोज ठरलेल्या वेळी दहा मिनिटे. मोबाइल दुसऱ्या खोलीत, आणि पवित्र शास्त्र (बायबल) छापील. मोबाइलवर वाचायला गेलात की दुसऱ्याच वचनाला मेसेज येतो. आधी १३ वे स्तोत्र मोठ्याने वाचा. सहाच वचने आहेत. पहिल्या दोनांत स्तोत्रकर्ता देवाला चार वेळा ‘कोठवर?’ असे विचारतो, पुढच्या दोनांत मागणे मागतो, शेवटच्या दोनांत भरवसा धरतो. त्याच क्रमाने कालच्या दिवसातली एकच गोष्ट देवाला सांगा, माणसांच्या नावांसकट. ‘माझ्या रागाची क्षमा कर’ हे फार गुळगुळीत झाले. ‘काल भाजी खारट झाली म्हणून सासूबाई बोलल्या, मी ताट आपटले, आणि अजून मला त्याचे वाईट वाटत नाही’ असे सांगा. यातला शेवटचा तुकडा गाळायचा मोह होईल, तोच ठेवा. मग प्रभूची प्रार्थना म्हणून उठा. भरवशाचा भाग एखाद्या दिवशी तोंडातून निघालाच नाही, तर ओढूनताणून म्हणू नका. ८८ वे स्तोत्र अंधारातच संपते, आणि ते कोणी शास्त्रातून काढून टाकलेले नाही.

घर एका खोलीचे असेल तर पहाट उरते. प्रभू येशू स्वतः अंधार असतानाच उठून एकांतात गेला (मार्क १:३५).

प्रश्न : उपवासकाळात आमच्या तरुण संघातले काहीजण रोज स्टेटस टाकतात, ‘उपवास, दिवस १२’. त्याने इतरांना उत्तेजन मिळते, असे त्यांचे म्हणणे.
— पिंपरी

उत्तर : डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, म्हणजे उपवास माणसांना दिसणार नाही, असे प्रभूने सांगितले आहे (मत्तय ६:१७-१८). उत्तेजनच द्यायचे तर एका मित्राला फोन करून ‘शुक्रवारी बरोबर करू’ म्हणता येते. एक आठवडा स्टेटसविना उपवास निभतो का, तेवढे पाहायला सांगा. आणि वाचलेल्या जेवणाचे पैसे कुठे जातात तेही विचारा. यशया ५८ मध्ये उपवासाची कसोटी भुकेल्याची भाकर हीच आहे.

प्रश्न : उपासनेत विश्वासाचा अंगीकार म्हणताना ‘देहाचे पुनरुत्थान’ या शब्दांवर मी अडखळतो. शंका असताना ते म्हणणे खोटे नव्हे का?
— घोरपडी

उत्तर : अंगीकार सबंध मंडळीचा आहे. तुमचा एक शब्द अडला तरी शेजारचा तो म्हणतो आहे, आणि त्याचा अडेल तेव्हा तुम्ही म्हणाल. आजारी मुलाच्या बापाने विश्वास आणि अविश्वास एकाच दमात प्रभूपुढे ठेवला (मार्क ९:२४). आधी शंका मिटवून ये, असे त्याला कोणी सांगितले नाही, मुलगा बरा झाला. केडगावच्या पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या) शिकवणीविषयीच्या शंका त्यांनी आपल्या मार्गदर्शक जोगीण सिस्टर जेराल्डिनना पत्रांतून उघड लिहिल्या, आणि आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त नव्हता, हे बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी ओळखले. ईयोबाच्या पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तोही शंका विचारणाऱ्या ईयोबावर नव्हे, तर देवाची बाजू घेऊन गोड बोलणाऱ्या त्याच्या मित्रांवर (ईयोब ४२:७).

शंका एका वाक्यात कागदावर लिहा. पुष्कळदा लिहिताना तिचा आकार कळतो. १ करिंथ १५, म्हणजे पुनरुत्थानाचाच अध्याय, दोन बैठकांत वाचा. मग तो कागद घेऊन पाळकसाहेबांकडे आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. उपासनेनंतर दारात हात मिळवताना विचारलेत तर ‘प्रार्थना करा, भाऊ’ एवढेच उत्तर मिळेल. रविवारच्या शाळेत तुम्ही शिकवत असाल, तर तो एक धडा तूर्त दुसऱ्याला घेऊ द्या.

प्रश्न : सात वर्षांपूर्वी भागीदारीच्या हिशेबात मी ५०,००० रुपये लपवले. भागीदाराला पत्ता नाही. देवाची क्षमा मागितली, तरी प्रभुभोजनाला (चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीला) हात पुढे होत नाही. ती रक्कम चर्चला दिली तर?
— हडपसर

उत्तर : चर्चला देऊ नका. ते पैसे दान करायला तुमचे नाहीतच. दानपेटीत टाकले तर तुमचे नाव होईल आणि भागीदार होता तिथेच राहील.

लेवीय ६:५ मध्ये हिशेब स्पष्ट आहे : मुद्दल, वर त्याचा पाचवा हिस्सा, आणि तेही ज्याचे त्यालाच. म्हणजे ५०,००० वर १०,०००, एकूण ६०,०००. जकातदार जक्कयने लुबाडलेल्याच्या चौपट देऊ केले (लूक १९:८) ते आपणहून. तो दर आम्ही कुणावर लावणार नाही. क्रमही ठरलेला आहे : आधी भावाशी समेट, मग वेदीवर अर्पण (मत्तय ५:२३-२४).

जायच्या आधी रक्कम आणि वर्ष कागदावर लिहा. भेटून तीन वाक्ये बोला : काय केले, किती घेतले, केव्हा देणार. बिघडते ते चौथ्या वाक्यात, ‘पण तेव्हा माझी परिस्थिती...’ इथे. परिस्थिती खरी असेलही, पण ती निघाली की भागीदाराला तुमची समजूत काढावी लागते. ‘मला माफ कर’ म्हणा, पण उत्तर तिथल्या तिथे मागू नका. त्याला राग यायचा हक्क आहे. एकरकमी जमत नसेल तर हप्ते आणि तारखा लिहून द्या, आणि पैसे बँकेतून पाठवा म्हणजे दोघांकडे नोंद राहील. त्या हिशेबात कराचा किंवा तिसऱ्या कोणाचा संबंध असेल, तर आधी वकिलाला विचारा. चर्चमध्ये साक्ष द्यायची घाई नको. भागीदाराला ही बातमी मंडळीकडून कळली तर भेटीला अर्थ राहणार नाही.

प्रभुभोजनासाठी शेवटच्या हप्त्यापर्यंत थांबायचे कारण आम्हाला दिसत नाही. जक्कयने नुसते सांगितले होते, पैसे अजून वाटलेही नव्हते, तेव्हाच ‘आज या घराला तारण प्राप्त झाले’ असे प्रभू म्हणाला. तेव्हा भेट झाली आणि तारीख दिली की मेजाकडे या. मनात खळखळ राहिलीच तर पाळकांशी बोला.

भागीदार हयात नसेल तर रक्कम वारसांची. वारसही नसेल तर गणना ५:८ प्रमाणे ती याजकाकडे जाई. दानपेटीचा विचार फक्त त्या वेळी करा, आणि पाकिटावर नाव न लिहिता.