पाणी कुठंय यात?

गिरगाव, मुंबई

प्रिय पोरी,

तुझं पत्र परवा मिळालं. प्रदर्शन उठून तीन आठवडे झाले आणि तू ब्रशला हात लावलेला नाहीस, हे वाचून काळजी वाटली. तुझ्या चित्राबद्दलचं त्या ज्येष्ठांचं वाक्य वाचून मात्र, खरं सांगतो, हसू आलं. ‘छान आहे, पण कॅलेंडर वाटतंय.’ अगं, या एका वाक्यानं मुंबईतले निम्मे चित्रकार कधी ना कधी घायाळ झालेत.

माझ्या वाट्याला आलं ते ‘पाणी कुठंय यात?’ पंचविशीत होतो. ससून डॉकचं, म्हणजे कुलाब्याच्या मासळी बंदराचं, जलरंगातलं चित्र एका ग्रुप शोमध्ये लावलं होतं. एक बुजुर्ग आले, चष्मा कपाळावर सरकवला, नाक काचेला लागेल इतके वाकले, तेवढंच विचारलं नि पुढच्या चित्राकडे गेले. दोन महिने मी त्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. मग एका सकाळी डॉकवर गेलो. होडीच्या बुडाशी लाकूड संपून पाणी सुरू होतं, तिथे रेघ नव्हतीच. होडीचा काळोख पाण्यात झिरपत होता. माझ्या चित्रात तिथे ठसठशीत कड, त्यामुळे होड्या टेबलावर मांडून ठेवल्यासारख्या. म्हाताऱ्यानं बरोबर नस पकडली होती. (शिव्या मी परत घेतल्या नाहीत. बोलायची काही रीत असते.)

त्याच शोमध्ये दुसरे एक गृहस्थ म्हणाले, ‘हे तुझं काम नव्हे, बँकेची परीक्षा दे.’ दिली. पास झालो. पुढची ३१ वर्षं त्या पगारातून रंग आणले. सल्ला उत्तमच होता, फक्त त्यात माझ्या चित्राबद्दल अक्षर नव्हतं. असलं बोलणं मनाला लागतं खूप, पण ब्रश घेऊन बसल्यावर त्याचं करायचं काय?

चित्रकार सय्यद हैदर रझांचं बघ. १९४८ मध्ये काश्मीरमध्ये त्यांची आणि फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँची गाठ पडली. ब्रेसाँनी चित्रं पाहून सांगितलं, की यात बांधणी कमी पडते, फ्रेंच चित्रकार सेझानचा अभ्यास कर. पंचवीस-सव्वीसच्या पोराला हे ऐकायला कडूच लागलं असणार. पण ‘बांधणी’ हा शब्द हातात घेऊन कामाला बसता येतं. रझा १९५० मध्ये पॅरिसला गेले.

आता तुझं ‘कॅलेंडर’. तू पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. चाळीची गॅलरी, दोरीवरचे कपडे, तुळस, कठड्याला रेललेली बाई, सगळं सारखंच रेखीव, सारखंच उजळ. नजरेनं टेकायचं कुठे? त्यांना हेच म्हणायचं असेल असा माझा अंदाज. पण अंदाजावर झुरू नकोस, फोन करून विचार: ‘सर, नेमकं कुठे?’ सांगितलं तर वहीत जसंच्या तसं उतरवून ठेव. सांगता आलं नाही तर तो शब्द त्यांच्यापाशीच राहू दे.

‘मला जमेल का’ हा किडा वेगळा. तो बाहेरून कुणी सोडत नाही आणि ६८ व्या वर्षीही मला चावतो. त्याची वेळ ठरलेली आहे: दुसरा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, टाकल्यावर. पावसाळ्यात आपल्याकडे वॉश वाळता वाळत नाही आणि ओल्या रंगाचा खरा टोन, म्हणजे गडद-फिकेपणा, कळत नाही. अशा वेळी घाबरून ब्रश लावलास की रंग मळलेच. मी बोर्ड भिंतीकडे तोंड करून ठेवतो आणि खाली चहाला जातो. परत आल्यावर चित्र आरशात बघतो. उलटं झाल्यामुळे ते परक्यानं काढल्यासारखं दिसतं, आणि परक्याच्या चुका आपल्याला फार लवकर सापडतात! कधी कधी तर त्याचं एखादं काम आवडूनही जातं.

रविवारी साडेसहाला ससून डॉकच्या गेटपाशी ये. पाव इम्पिरियल मापाचे दोन कागद, एकच जाड ब्रश. बारीक ब्रश घरी ठेव, आणलास तर मी काढून घेईन. आणि ते गॅलरीचं चित्रही आण. दोरीवरचे दोन-तीन कपडे सावलीत ढकलून बघू.

तुझा,
सर

ता. क. बाजाराची गर्दी असते, जमीन ओली असते. जुन्या चपला घाल.