पोस्टमॉर्टेमच्या (पीएम) रिपोर्टवर कारणच नाही, मग समजायचं काय?

प्रश्न: माझा धाकटा भाऊ, वय ४१, रात्री जेवून झोपला तो सकाळी उठलाच नाही. पोलिसांनी एडीआर (अकस्मात मृत्यूची नोंद) केली, पीएम झालं, पण रिपोर्टमध्ये 'मत राखून ठेवले, व्हिसेरा जतन' एवढंच आहे. पालिकेच्या मृत्यूदाखल्यावर तर कारणाचा रकानाच नाही. विम्याचं काम अडलंय, चाळीत लोक विषबिषाचं बोलायला लागलेत. काही लपवतायत का?
– एक बहीण, लालबाग

उत्तर: ताई, आधी दाखल्याचं सांगतो. जन्ममृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यातच आहे की मृत्यूच्या दाखल्यावर कारण छापायचं नाही, त्यामुळे तुमच्याच नाही, कुणाच्याच दाखल्यावर ते नसतं.

आता व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढून ठेवलेले शरीरातले अवयव. तो ठेवला म्हणजे विषाचा संशय पक्का असं अजिबात नाही, तरुण माणूस अचानक गेला आणि उघड्या डोळ्यांना कारण दिसलं नाही की डॉक्टर तो ठेवतातच. जठर आतल्या अन्नासकट, आतड्याचा तुकडा, लिव्हर, किडनी हे मिठाच्या दाट पाण्यात बरणीत भरून, लाखेचं सील करून पोलिसांमार्फत कलिन्याच्या सरकारी न्यायवैद्यक लॅबला जातं. हृदयाचा तुकडा मात्र फॉर्मेलिनमध्ये, कारण मायक्रोस्कोपखाली पेशी बघायच्या असतात आणि मिठात त्या खराब होतात. हे दोन वेगळे रिपोर्ट आहेत आणि दोन्ही आल्याशिवाय मत देऊ नये असं मला मनापासून वाटतं. घाईत 'हृदय व श्वसनक्रिया बंद पडून मृत्यू' लिहून मोकळं होणं सोपं असतं, पण मेलेल्या प्रत्येकाचं हृदय बंद पडतंच, त्यात कारण कुठे आलं? हृदय कशामुळे बंद पडलं ते लिहायला हवं. तुमच्या डॉक्टरांनी ते टाळलं, हे चांगलंच केलं.

खरी अडचण पुढे होते. लॅबचा रिपोर्ट पोलीस स्टेशनला येतो आणि तिथेच फाईलमध्ये पडून राहतो. तो पीएम करणाऱ्या डॉक्टरांकडे गेल्याशिवाय अंतिम मत मिळत नाही. म्हणून एडीआर नंबर आणि पीएम नंबर घेऊन तपास अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या, सीए रिपोर्ट (लॅबचा रासायनिक तपासणीचा रिपोर्ट) आलाय का आणि डॉक्टरांकडे पाठवला का एवढंच विचारा, अर्जाच्या कॉपीवर पोच घ्या. विमा कंपनीलाही अंतिम मत बाकी असल्याचं लेखी कळवून ठेवा.

एक गोष्ट आताच सांगून ठेवतो, कधीकधी सगळ्या तपासण्या होऊनही कारण सापडत नाही. हृदयाचे ठोके अचानक बिघडून माणूस गेला तर मागे खूण राहीलच असं नाही. तसं झालं तर तुम्हा सख्ख्या भावंडांनी एकदा ईसीजी आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या, कारण असे काही दोष घराण्यात चालत येतात.