'बायको सोडल्यावरच वावर तुझं': असं बक्षीसपत्र टिकतं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की यजमानांच्या आत्यांनी शिंदखेडा तालुक्यातलं चार एकर वावर भाच्याच्या नावे नोंदणीकृत बक्षीसपत्राने लिहून दिलं. अट मात्र अशी: 'पत्नीस कायमची सोडल्यानंतरच सदर मिळकत लिहून घेणाऱ्याच्या मालकीची होईल.' अट बेकायदेशीर ठरली तर तेवढीच पुसली जाऊन शेत आपल्याकडे राहील ना, हा तुमचा प्रश्न.

नाही राहणार. वाईट वाटतं, पण खरं तेच सांगायला हवं.

सगळा खेळ त्या 'नंतरच' या शब्दाचा आहे. अट आधी, मालकी मागाहून. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम २५ सांगतं की हक्क ज्या अटीवर जन्म घेणार ती अट अशक्य, कायद्याने मना केलेली किंवा अनैतिक असेल, तर हक्कच जन्मत नाही. कायद्याने दिलेली उदाहरणं वाचा. तासाभरात शंभर मैल चालशील तर शेत भाड्याने देतो: पट्टा शून्य. माझ्या मुलीशी लग्न करशील तर ५०० रुपये, आणि मुलगी त्याआधीच वारलेली: देणगी शून्य. पुतणीने नवऱ्याला सोडलं तर तिला ५०० रुपये: तेही शून्य. हे शेवटचं उदाहरण म्हणजे तुमचंच प्रकरण, फक्त नवऱ्याच्या जागी बायको.

मृत्युपत्रातली अशक्य अट रोमन कायद्यात लिहिलीच नाही असं समजत आणि देणं कायम राहत असे. फ्रान्सच्या १८०४ च्या संहितेने कलम ९०० मध्ये तोच नियम बक्षिसालाही लावला. तुम्हाला वाटतं तसा कायदा जगात आहे, आपल्याकडे तो घेतलेला नाही.

आपल्याकडे अट पुसली जाते ती मालकी आधी देऊन मग पायात बेडी घातली असेल तेव्हा. माझ्या मेव्हण्याच्या पारोळ्याच्या शेताचं तसंच झालं. चुलत्याने वावर दिलं आणि खाली लिहिलं, 'पिढ्यानपिढ्या विकू नये, गहाण ठेवू नये.' बँकेने त्या ओळीवर बोट ठेवून कर्ज अडवलं. वकिलाने कलम १० दाखवलं: विक्रीवरची सरसकट बंदी शून्य, बक्षीस शाबूत. तुमच्या दस्तात 'आज मालकी दिली, पण वर्षात बायकोला सोडलं नाही तर परत घेईन' असं असतं, तर कलम ३२ प्रमाणे ती परतीची अट गळून पडली असती आणि वावर राहिलं असतं.

आत्या म्हणाल्या ना, "बायकोले सोड, मंग वावर तुनं"? त्या बोलण्याला घाबरून तुम्ही माहेरी जायचा विचार करताय, हे वाचून जीव कासावीस झाला. जाऊ नका. तुम्ही घर सोडलंत तरी या दस्ताने यजमानांना मालकी मिळणार नाही. सातबाऱ्यावर फेरफार झाला असेल तरी फरक नाही, ती महसुली नोंद आहे, तिने मालकी तयार होत नाही.

वावर आजही आत्यांचंच आहे आणि त्या हयात आहेत. घरातलं कुणी वडीलधारं मध्ये घालून त्यांच्याशी बोला. त्या तयार झाल्या तर बिनशर्त नवं बक्षीसपत्र करा: दोन साक्षीदार, नोंदणी, आणि त्यांच्या हयातीतच यजमानांनी स्वीकारल्याचा स्पष्ट उल्लेख. तोवर त्या वावरावर पीककर्ज काढू नका आणि कुणाकडून इसारही घेऊ नका.

नावं झाकून दस्तातला अटीचा पूर्ण परिच्छेद इथे टाका. 'नंतरच' हाच शब्द आहे की दुसरा, ते मला डोळ्यांनी बघायचंय.