उन्हाचा त्रास आणि उन्हाचं काम

प्रिय बेटा,

तुझा रात्रीचा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. चिडचिड चाळून काढली की प्रश्न एकच उरतो. अमळनेरात पारा 43 वर आहे, घरातलं प्रत्येक जण उन्हाला शिव्या देतं, मग आजी आणि मामी त्याच उन्हात मुद्दाम कुरडया का घालतात, विकत का आणत नाहीत, आणि त्यासाठी तुला पहाटे चारला का उठवतात? शाळा संपली, पुण्याचं कॉलेज अजून लांब आहे, मधले दोन-तीन महिने निवांत जावेत अशी तुझी अपेक्षा होती. ती आजोळी पुरी व्हायची नाही.

सुरुवात कूलरपासून करते, कारण तुझ्या तक्रारींत पहिला नंबर त्याचा आहे. खान्देशातली एप्रिल-मेची हवा कोरडी असते. कोरडी हवा पाणी ओढून घेते आणि पाणी उडून जाताना उष्णता सोबत नेतं. कूलर आणि माठ गार होतात ते यामुळे, आणि कुरडई दोन दिवसांत खुळखुळीत वाळते तीही यामुळेच. ज्या हवेने तुझे ओठ फुटलेत, तिच्याच जिवावर हे सगळं चालतं.

कूलर ‘गरम आणि मासळीच्या वासाची’ हवा फेकतो म्हणतोस, म्हणजे बिघाड दोन आहेत. वास साचलेल्या पाण्याचा. दर दोन-तीन दिवसांनी टाकी रिकामी कर आणि आठवड्यातून एकदा पुसून पूर्ण कोरडी ठेव. डेंग्यूच्या डासाला अंड्यातून बाहेर पडून उडायला आठ-दहा दिवस पुरतात, त्याला तेवढी सवड द्यायची नाही. गरम हवा मात्र गवतातून येते. वरच्या पन्हाळीची भोकं बोअरच्या क्षाराने बुजतात, गवताचा एक पट्टा कोरडा राहतो आणि हवा नेमकी तिथूनच घुसते. भोकं सुईने मोकळी कर. आधी पाच मिनिटं नुसता पंप चालव, गवत भिजू दे, मग पंखा लाव. कूलरची पाठ खिडकीबाहेर हवी आणि समोरचं दार वीतभर उघडं. आजीने दुपारी सगळी दारं लावून घेतली असली तरी कूलरच्या खोलीला ही फट लागतेच, नाहीतर ओलावा आत कोंडतो आणि अंग चिकचिक करतं. पाणी भरताना प्लग काढलेलाच असला पाहिजे, पत्र्याच्या कूलरचा शॉक जीवघेणा असतो.

आता कुरडई. गहू तीन दिवस भिजतो. पाणी रोज बदलायचं, या उन्हात दिवसातून दोनदा, नाहीतर वास धरतो आणि कुरडई लालसर होते. चौथ्या दिवशी गहू धुऊन वाटतात, पाणी घालून दोन-तीनदा पिळतात आणि पांढरा चीक फडक्यातून गाळून रात्रभर ठेवतात. उरलेल्या चोथ्याच्या भुसवड्या होतात. पहाटे वरचं निवळ पाणी हलक्या हाताने ओतून टाकायचं. खाली बसलेला घट्ट चीक ज्या भांड्याने मोजला त्याच भांड्याने तेवढंच पाणी उकळायला ठेवायचं, त्यात मीठ आणि हिंग. मीठ चवीला कमीच वाटलं पाहिजे, कारण कुरडई वाळली की पाणी जातं आणि मीठ तेवढंच राहतं. पहिल्यांदा करणारा इथेच हमखास फसतो.

मग एकाने चीक बारीक धारेने ओतायचा आणि दुसऱ्याने हात न थांबवता ढवळायचं. धार जाड झाली की गाठी झाल्याच, आणि एक गाठ सोऱ्याच्या जाळीत अडकली की सगळा कारखाना बंद. झाकण ठेवून मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं वाफ येऊ द्यायची. चीक चकचकीत दिसला आणि ओलं बोट लावून चिकटला नाही, म्हणजे शिजला. कच्चा राहिलेला चीक वाळताना तडकतो आणि डब्यात नुसता चुरा होतो.

शिजलेला चीक गरम असतानाच दाबावा लागतो. थोडा निवला तरी घट्ट होतो आणि सोऱ्या फिरता फिरत नाही. म्हणून एकटीदुकटीचं हे काम नाही. एक चुलीपाशी, एक सोऱ्या भरायला, दोन दाबायला, एक गच्चीवर ने-आण करायला. गल्लीतल्या बायका येतात त्या यासाठी. त्यांना कोणी पैसे देत नाही आणि देऊही नयेत, वाईट दिसेल. आज त्या आपल्याकडे आल्या, परवा आपण त्यांच्याकडे जायचं. तू ताटं वर नेऊन दिलीस, म्हणजे आता तुझंही नाव त्या हिशेबात आहे. शेजारच्या काकूंनी बोलावलं तर ‘झोप झाली नाही’ म्हणू नकोस.

आणि पहाटे चार का? गच्चीवरचं काम सातच्या आत उरकलं की बायकांच्या डोक्यावर ऊन येत नाही आणि कुरडयांना मात्र पूर्ण दिवसाचं ऊन मिळतं. दुपारी तीनपर्यंत वरची बाजू कडक होते, मग उलटता येतात. उशिरा घातलेली कुरडई रात्री आतून ओलीच राहते, आंबते, मुंग्या लागतात आणि तळताना फुलत नाही. विकतच्या का नाहीत, ते आजीला विचारू नकोस. त्या किती वाळवल्यात हे बाहेरून कळत नाही, एवढं उत्तर तुला पुरे.

पहाटे उठण्याची मजुरी चुलीपाशीच मिळते. वाटीभर गरम चीक, वर कच्चं तेल किंवा दूध-साखर, ज्याची त्याची आवड. मी तेलाच्या बाजूची. पुढच्या आठवड्यात ज्वारीचे बिबडे होतील. त्यात लसूण, तिखट, जिरं, तीळ घालतात, ओल्या कापडावर ओल्या हाताने थापतात आणि वाळल्यावर कापडाला मागून पाणी मारून सोडवतात. संध्याकाळी अर्धवट वाळलेला ओला बिबडा शेंगदाणे आणि तेलासोबत खा. पूर्ण वाळलेल्या बिबड्याला ती चव नाही. मात्र राखणीला बसून अर्धा खाटभर संपवू नकोस.

बाकी तक्रारी भराभर. दुपारी एकला नळाचं पाणी चटके देतं, कारण टाकी गच्चीवर आहे. सकाळीच बादली भरून मोरीत सावलीला ठेव. माठाला बाहेरून साबण लावू नकोस, छिद्रं बुजतात आणि पाणी गार होत नाही. खाली ओली वाळू, वर ओलं फडकं, जागा वाऱ्याची. पाणी ओगराळ्यानेच काढ. पेला बुडवलास म्हणून बोलणी बसली, ती बरोबरच होती. एप्रिलभर बाजारात आंबे दिसत असून आजीने घेऊ दिले नाहीत, कारण आपल्याकडे अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर भरून पितरांना नैवेद्य दाखवल्याशिवाय पुष्कळ घरांत आंबा खात नाहीत. आता अखाजी झाली, खापरावरची पुरणपोळी आणि रस दोन्ही मोकळे. बारा ते चार कोणाच्या दारी जाऊ नकोस, लोक खाली फरशीवर पडलेले असतात. आणि ‘कथा जाई ऱ्हायना?’ (अहिराणीत ‘कुठे चाललास?’) असं गल्लीत दहा जण विचारतात ती चौकशी नसते, रामराम असतो. ‘आठेच’, म्हणजे ‘इथेच’, म्हण आणि पुढे चाल.

आजी खिशात कांदा देते तो राहू दे. त्याने ऊन लागायचं थांबत नाही, पण वादही होत नाही. खरं काम पाण्याचं. जुलाब किंवा उलट्या झाल्या तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडं थोडं पी. कोणी उन्हातून आल्यावर असंबद्ध बोलू लागला आणि अंग तापलेलं असलं, तर ओली फडकी लावत सरळ दवाखाना गाठायचा, घरगुती उपायांत वेळ घालवायचा नाही.

रात्री झोप येत नाही म्हणतोस, कारण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडतो. खोलीतून उठ आणि गच्चीवर जा. गच्चीवर पाणी दुपारी चारला मारलंस तर वाया जातं. सूर्य बुडाल्यावर दोन बादल्या मार, अर्ध्या तासाने पुन्हा दोन. साडेनऊनंतर गादी टाक. पायाशी चादर असू दे, पहाटे तीनच्या सुमारास ती अंगावर ओढावीशी वाटेल. एकादशीला अमळनेरच्या संत सखाराम महाराजांचा रथ निघेल आणि पौर्णिमेला पालखी. त्या दिवसांत बोरी नदीच्या पात्रात यात्रा असते, मामासोबत उन्हं उतरल्यावर जा.

25 मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्र लागतं. पुढे पावसाआधीची दमट हवा येऊ लागली की कूलर चिकचिक करतो, माठ कोमट राहतो आणि गच्चीवरची कुरडई मऊ पडते. तिन्ही एकाच आठवड्यात बिघडतील. तेव्हा कूलर दुरुस्त करत बसू नकोस, गच्ची आधी रिकामी कर. कुरडया पूर्ण निवल्यावरच डब्यात भरायच्या. गरम भरल्या तर झाकणाला आतून घाम येतो.

माझ्यासाठी अख्ख्या ठेवू नका, इथे पोचेपर्यंत मोडतातच. तळाचा चुरा एका पिशवीत भरून ठेव, तोही तेवढाच फुलतो.

तुझी,
आई