कामावर मन लागत नाही

प्रश्न : मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) ९ वर्षं क्वालिटीत आहे. रोज तेच मोजमाप, तेच रजिस्टर. त्यात प्रॉडक्शनचे सुपरवायझर चारचौघांत म्हणतात, ‘तुमच्यामुळे माल अडला.’ नोकरी सोडावी का?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : राजीनामा एवढ्यात नको. दोन आठवडे वहीत तीन रकाने भरा : काम, वेळ, नंतर कसं वाटलं. कंटाळा कामाचा की माणसांचा, ते कळेल. पत्रावरून तरी आम्हाला माणसांचाच वाटतो.

सुपरवायझरांशी शिफ्ट सुटल्यावर एकट्यात बोला. ‘तुम्ही नेहमी अपमान करता’ म्हणालात की समोरचा वकिली सुरू करतो. आधी प्रसंग, मग परिणाम, मग मागणी : “काल मीटिंगमध्ये लॉट माझ्यामुळे अडला म्हणालात. शाफ्टचा व्यास मापाबाहेर होता, ते राहूनच गेलं. पुढच्या वेळी आधी मला विचारा.” बस. जुनी उणीदुणी नकोत. तुम्हीही पहिल्या पाच नगांत दोष दिसला की लगेच कळवा. अख्खा लॉट झाल्यावर रिजेक्ट केलात तर कुणाचंही डोकं फिरणारच!

राहिला तोचतोपणा. माणूस आपल्या कामाला स्वतःही थोडा आकार देतो, असं एमी रेझनेस्की आणि जेन डटन या संशोधकांनी २००१ मध्ये मांडलं. नव्या मुलांना मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, शिकवायचं अंगावर घ्या. ती रॅचेट (टोकाची, ठरावीक दाबाला घसरणारी कळ) सोडून थिंबलच (फिरवायची नळी) आवळतात, म्हणून माप कमी येतं.

शिवीगाळ होत असेल तर मात्र चर्चा नको. तारीख-वेळेसह एचआरकडे लेखी द्या, पोच घ्या.